बुंद, कहवा व कॉफी : मोख्याच्या व्यापाराच्या आमच्या किनाऱ्यावरील खुणा

कॉफी हें पेय इंग्रजांनीं आमच्या देशांत आणलें, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. त्यास आधार पाहूं गेल्यास एवढाच सांपडतो कीं, आज आपण ह्या पेयास जें नांव देतों तें इंग्रजी आहे. परंतु शब्दावरून वस्तूचा इतिहास काढावयाचा तर त्या वस्तूचे सगळेच शब्द पुढ्यांत घ्यावे लागतात. सोईचा तेवढा एक घेऊन चालत नाहीं. मराठींत ह्या वस्तूस शब्द तीन आहेत. दाण्यास बुंद अथवा बुंददाणा, पेयास कहवा व त्याचेंच सैल रूप कावा, आणि ह्या दोहोंस मागें सारून बसलेला कॉफी. पैकीं बुंद हा दुकानाचा शब्द, कहवा हा बैठकीचा शब्द व कॉफी हा कंपनीचा शब्द होय. ज्या काळीं जो शब्द चालता होता त्या काळीं ह्या मालाचा भाव कोणाच्या हातीं होता, हेंही त्या शब्दावरून बरेंचसें उमगतें. तेंच दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

संस्कृत वैद्यकांत ह्या वस्तूचा शोध घेणें व्यर्थ होय. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें फिरंगरोग हा नवा रोग व चोपचिनी हें नवें औषध, ह्या दोहोंची नोंद आपल्या ग्रंथांत केली. म्हणजे परदेशी वस्तूचा त्याला विटाळ नव्हता. तरी कॉफीचें नांव त्याच्या निघंटूंत नाहीं. ह्यांत नवल नाहीं. येमेनांतील सूफी फकीर रात्रीच्या जपास झोंप येऊं नये म्हणून हा काढा पिऊं लागले, तेंच मुळीं पंधराव्या शतकांत. १५११ सालीं मक्केच्या अधिकाऱ्यानें त्यावर बंदी घातली, ती टिकली नाहीं; आणि सोळाव्या शतकाच्या मध्यास इस्तंबूल शहरांत कॉफीच्या बैठका उघडल्या. झाड मूळचें हबसाणांतील, पण पेय म्हणून त्याचा जन्म येमेनचा.

अरबींत दाण्यास बुन्न व पेयास कह्वा म्हणतात. आमचा बुंद हा त्या बुन्नाचाच अपभ्रंश. गुजरातींतही तो ह्याच अर्थीं आहे व मोल्स्वर्थच्या कोशांतही त्यास जागा मिळाली आहे. हा शब्द इंग्रजाच्या तोंडून येणें शक्य नाहीं, कारण इंग्रजानें दाण्यास व पेयास एकच नांव ठेविलें. दाण्यास स्वतंत्र नांव तोच देतो, जो दाणा हातांत घेऊन पाहतो व तोलून घेतो. तेव्हां सुरत, चौल, दाभोळ येथील वाण्यांनीं व खलाशांनीं तांबड्या समुद्रावरून हा शब्द मालाबरोबरच आणिला, असें मानण्यास आम्हांस हरकत दिसत नाहीं.

उलट दिशेनें गेलेला एक शब्दही येथें सांगण्यासारखा आहे. मोख्याच्या पेठेंत कॉफी ज्या मापानें विकली जाई त्याचें नांव बहार. १० मणांचा एक फ्रासिला व १५ फ्रासिल्यांचा एक बहार, असा तेथील हिशेब. हा बहार म्हणजे आमच्या संस्कृत 'भार' शब्दाचें अरबी रूप होय. दाण्याचें नांव अरबांनीं आम्हांस दिलें आणि त्याच्या वजनाचें नांव आमच्याकडून नेलें! मात्र जुने हिशेब वाचणाऱ्यानें येथें सावध असावें. मोख्याचा मण अवघा ३ पौंडांच्या आसपास, तर मुंबईचा २८ पौंडांचा. मणांचा आंकडा दिसला कीं तो कोठला मण, हें ठरविल्यावांचून बेरीज करूं नये.

हा जलमार्ग कॉफीहून फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' नामक ग्रीक ग्रंथांत, पुढें जेथें मोखा भरभराटलें त्याच किनाऱ्यावरील मुझा बंदराचें वर्णन आहे. तेथील व्यापारी आपलीं गलबतें भडोचेस पाठवीत. त्याच ग्रंथांत कल्याणचेंही नांव असून, तेथें चुकून आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचेस नेलीं जातात, अशी तक्रार आहे. कल्याणहून निघालेला माल मुरबाडावरून नाणेघाट चढून जुन्नरास जाई. घाटाच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहन राणीचा लेख आहे, व जवळच जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण. दुसरी वाट वाशिंद व शहापूर ह्यांवरून थळघाटानें नाशिकास. ह्या दोन वाटांच्या मध्यें आमचा मुलूख. येथें भात, नागली व वरी पिकते. कॉफीचे मळे येथें नाहींत. परंतु माल पिकविणारा एकीकडे, पिणारा दुसरीकडे, आणि पैका मधल्या नाक्यावर बसलेल्याचा, ही गोष्ट ह्या मुलखास दोन हजार वर्षें ठाऊक आहे. कॉफीच्या व्यापाराचें मर्म तेंच असल्यामुळें ती समजून घेण्यास वाशिंद ही कांहीं वाईट जागा नव्हे.

मोखा हें कॉफीचें बंदर. पण कॉफी तेथें पिकत नसे. ती येमेनच्या डोंगरांतील पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत पिके, उंटांवरून बेत-अल्-फकी ह्या पेठेंत येई, व तेथून होदैदा, लोहैया आणि मोखा ह्या बंदरांस जाई. १६३५ च्या सुमारास तुर्कांनीं येमेन सोडल्यावर तेथील इमामांचा अंमल बसला व जकातीचा हक्क त्यांजकडे गेला. जगास हा दाणा दुसरीकडून म्हणण्याजोगा मिळतच नव्हता. घेणारे कैरोचे, इस्तंबूलचे, इराणचे, आमचे, आणि सतराव्या शतकापासून डच, इंग्रज व फ्रेंच. देणें बहुधा चांदींत. अमेरिकेच्या खाणींतील चांदी स्पेनांतून यूरोपांत, तेथून तुर्की मुलखांत व कैरोमार्गें मोख्यास पोंचे. ती तरी तेथें कोठें राहणार? येमेनास कापड हवें, तांदूळ हवा. आणि तें पुरविणारा मुख्यतः हिंदुस्थान. कापड भरून गेलेलीं आमच्या किनाऱ्यावरचीं जहाजें परततांना दाण्यापेक्षां चांदीच अधिक आणीत. म्हणून कैरोच्या रहिवाशानें एक पेला अधिक घेतला तर सुरतेच्या टांकसाळींत एक रुपया अधिक पडे, असें म्हटल्यास तें अगदींच थट्टेचें ठरणार नाहीं. बुंद आमच्या घरांत फारसा शिरला नाहीं, बुंदाची चांदी शिरली. कोंकणांत सांपडणाऱ्या रुप्याच्या दुमडलेल्या तारेच्या लाऱ्या पाहाव्या. त्यांवर आदिलशाही शिक्का असला तरी नाण्याचें मूळ इराणांतील लार येथलें. अरबी समुद्रापलीकडच्या मुलखांशीं असलेल्या आमच्या देवघेवीची ती धातूवर उमटलेली साक्ष होय. नाणीं जपणाऱ्यांनीं ती जपली. कागद जपणाऱ्यांविषयीं पुढें लिहावयाचेंच आहे.

शिवछत्रपतींनीं १६५७ सालीं कल्याण व भिवंडी घेतली, आणि पुढील वर्षाच्या आरंभीं शहापुराजवळचा माहुली किल्ला. ह्या घटनांचें वर्णन लष्करी दृष्टीनें पुष्कळ झालें आहे. व्यापाराच्या दृष्टीनें पाहतां, बंदर आणि त्याच्या पाठीमागची घाटवाट हीं दोन्ही एका हातीं आलीं, हा तिचा अर्थ. त्याचें फळ लवकरच दिसलें. १६६५ सालच्या इंग्रज वखारीच्या पत्रव्यवहारांत असें नमूद आहे कीं, शिवाजीच्या ताब्यांतील आठनऊ मुख्य बंदरांपैकीं प्रत्येकांतून दोन, तीन वा अधिक व्यापारी गलबतें दरसाल इराण, बसरा व मोखा इकडे जातात. शत्रूच्या व्यापारावर नजर ठेवून बसलेल्या माणसाची ही नोंद असल्यामुळें तिचें मोल अधिक. मराठ्यांचें आरमार म्हटलें कीं आमच्या लेखकांच्या डोळ्यांपुढें तोफाच उभ्या राहतात. कापडाचे गठ्ठे घेऊन मोख्याच्या जकातनाक्यावर उभा असलेला राजाचा कारकून कोणास दिसत नाहीं.

आतां दुसरा शब्द. १६१६ त हिंदुस्थानांत आलेला इंग्रज पाद्री टेरी ह्यानें लिहून ठेविलें आहे कीं, येथील धर्मनिष्ठ लोक मद्य न घेतां कॉफी नांवाचें पेय घेतात, तें रुचीपेक्षां गुणानें चांगलें. म्हणजे इंग्रज येथें पोंचला तेव्हां कॉफी त्याच्या आधीं येऊन बसलेली होती. पहिल्या समजाचें खंडन करण्यास एवढा एकच पुरावा पुरेसा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास दिल्लीच्या चांदणी चौकांत कहवाखाने होते व तेथें कवि जमत. मराठी फौजांत पुढें अरबांचे बेडे आले. त्यांच्याबरोबर हा शब्द छावण्यांतही वावरला असणार. आमच्या ब्राह्मण-मराठा घरांनीं मात्र पेय उचललें नाहीं. बुंद राहिला तो गांध्याच्या दुकानीं, औषधी मालाच्या पुडीत.

येथें मोडी कागद वाचणाऱ्यांसाठीं दोन शब्द लिहिणें अवश्य वाटतें. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं, आणि अनुस्वार बहुधा गाळलेला. अशा लेखनांत 'बुंद' हा 'बुद' होऊन बसतो, आणि वाचणारा त्यास बुध करील किंवा बुंदी करील. 'कावा' हा तर गनिमी काव्याशीं गल्लत होण्यास तयारच. 'मोखा' हें बंदर 'मोका' ह्या शब्दांत बुडून जातें. उपाय जुनाच आहे. अनेकार्थक शब्दाचा अर्थ ठरविण्यास भर्तृहरीनें जीं साधनें सांगितलीं त्यांत साहचर्य हें एक. राम आणि लक्ष्मण म्हटलें कीं राम दशरथाचा. तोच नियम यादीस लावावा. शेजारीं हिराबोळ, ऊद, एळिया, खारीक असा तांबड्या समुद्राकडील माल असेल तर बुद म्हणजे बुंद. साखर, तूप व डाळीचें पीठ असेल तर ती मुदपाकखान्याची यादी समजावी आणि बुंदीवर समाधान मानावें.

मोख्याची मिरास मोडली ती हिंदुस्थानच्याच रोपानें. बाबा बुदन नांवाच्या फकिरानें सात दाणे लपवून आणून म्हैसूरच्या डोंगरांत लाविले, ही कथा सर्वश्रुत आहे. ती १६७० च्या सुमारास घालतात. कथा कशीही असो, १६९६ त डचांनीं मलबारांतून रोपें जावा बेटांत नेलीं, तीं पुरांत गेलीं, व १६९९ त पुन्हा नेलीं, हा इतिहास आहे. पुढील पंचवीसतीस वर्षांत डचांच्या बाजारांत जावाच्या कॉफीनें मोख्याच्या कॉफीस मागें टाकलें. तेथील शेतकऱ्यांकडून ती सक्तीनें, ठरविल्या भावानें घेतली जाई. फ्रेंचांनीं वेस्ट इंडीज बेटांत आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांकडून मळे करविले, आणि तेथील स्वस्त दाणा मार्सेय बंदरांतून तुर्की मुलखांत, म्हणजे ज्यांनीं कॉफी जगास शिकविली त्यांच्याच दारीं, विकावयास ठेविला. कर्जाच्या तंट्यावरून १७३७ त फ्रेंच जहाजांनीं मोख्यावर तोफा डागल्या. (महाराष्ट्रांत कॉफींत जायफळ उगाळून घालण्याची रीत आहे. त्या जायफळासाठीं डचांनीं १६२१ त बांदा बेटांतील बहुतेक वस्ती नाहींशी केली होती. आमच्या एका पेल्यांत असे दोन मक्ते विरघळलेले असतात.)

१७६३ त डेन्मार्कच्या राजानें पाठविलेली विद्वानांची मंडळी बेत-अल्-फकी व मोखा येथें होती. तींतील भाषापंडित मोख्यास वारला, वनस्पतिशास्त्री फोर्स्कॉल येमेनच्या डोंगरांत वारला, दोघे मुंबईच्या वाटेवर समुद्रांत गेले. सप्टेंबरांत नीबूर व एक वैद्य असे दोघेच मुंबईस उतरले, आणि वैद्यही पुढें येथेंच गेला. ह्याच नीबूरनें घारापुरीच्या लेण्यांचीं मापें घेऊन चित्रें काढिलीं. त्या लेण्यांवरील लिखाणांत नीबूरचें नांव वाचणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असतें कीं, तो मुंबईस आला तो कॉफीच्याच वाटेनें, इंग्रजी व्यापारी जहाजांतून. घारापुरीचा अभ्यास हेंही मोखा-मुंबई रहदारीचें एक उपफल म्हणावयाचें.

मोखा पुढें ओस पडलें. १८३९ त मुंबई सरकारनें एडन घेतलें, १८५० त तें जकातमुक्त बंदर केलें, आणि येमेनचा उरलासुरला दाणा तिकडे वळला. १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबईहून चाले. मोख्याची ही गति पाहून आम्हांस वाशिंदची आठवण होते. कल्याणहून निघालेली आगगाडी १ ऑक्टोबर १८५५ रोजीं वाशिंदपर्यंत आली आणि तेथेंच थांबली. कसाऱ्यापर्यंतचा मार्ग खुला झाला तो १ जानेवारी १८६१ रोजीं. मधलीं सुमारें पांच वर्षें घाटावरून उतरणाऱ्या बैलगाड्यांना लोहमार्ग मिळे तो ह्या भागांत. माल उतरवावयाचा, राखावयाचा, चढवावयाचा तो येथें. रूळ पुढें सरकले आणि तो नाका संपला. मोख्याचें वैभव दोनशें वर्षें टिकलें, वाशिंदचें पांच. दोहोंचें कारण एकच कीं, माल तेथें पिकत नव्हता, नुसता थांबत होता.

तिसरा शब्द कॉफी, तो मळेवाल्यांच्या राज्यांतला. म्हैसूर व कूर्ग येथें एकोणिसाव्या शतकांत इंग्रजांचे मळे झाले, सिंहलद्वीपांत त्याहून मोठे. १८६९ त सिंहलद्वीपांत पानांवर तांबेरा पडला आणि पंधरावीस वर्षांत तेथील कॉफी बुडून तिच्या जागीं चहा आला. तोंपर्यंत ब्राझील पुढें गेलें होतें. तेथील मळे १८८८ पर्यंत गुलामांच्या कष्टांवर चालले. पीक इतकें वाढलें कीं भाव राहीना, तेव्हां १९०६ त तेथील तीन प्रांतांनीं परदेशी कर्ज काढून जास्तीचा माल विकत घेऊन कोंडून ठेवण्याचा करार केला. भाव चढला, चढल्या भावावर इतर देशांनीं नवे मळे लाविले, माल आणखी झाला. १९२९ च्या मंदीनंतर ब्राझीलनें दुसरा उपाय केला. १९३१ ते १९४४ ह्या काळांत सुमारें ७ कोटि ८० लक्ष पोतीं, प्रत्येक ६० किलोंचें, जाळून वा समुद्रांत बुडवून नाहींशीं केलीं. जगाच्या तीन वर्षांच्या खपाइतका हा माल! मोख्याच्या इमामानें वाट अडवून भाव राखिला, ब्राझीलनें आग लावून.

त्याच मंदींत हिंदुस्थानांतील मळेवालेही सांपडले. १९३५ त कॉफीवर पट्टी बसविणारा कायदा झाला, आणि त्या पट्टीच्या पैशांतून खप वाढविण्यासाठीं २८ सप्टेंबर १९३६ रोजीं मुंबईंत चर्चगेट येथें पहिलें इंडिया कॉफी हाऊस उघडलें. शहापूर तालुक्यांतील तानसा तलाव १८९२ पासून मुंबईस पाणी देत आला आहे, व त्या काळीं शहराची मुख्य भिस्त त्यावरच होती. तेव्हां त्या पेल्यांतला दाणा कूर्ग-म्हैसूरचा असला तरी पाणी बहुतांशीं आमच्या तालुक्याचें. दाण्याचें नांव फळ्यावर लिहिलेलें असे. पाण्याचें कोण लिहितो?

महायुद्धांत यूरोपची पेठ बंद झाली तेव्हां १९४० च्या वटहुकुमानें व १९४२ च्या कायद्यानें सरकारनें सर्व पीक एका साठ्यांत घेण्याची पद्धति घातली. मळेवाल्यानें माल कॉफी बोर्डाच्या हवालीं करावयाचा, बोर्डानें तो विकावयाचा, आणि पैसा हप्त्यांनीं द्यावयाचा. आमच्या शहापूर-मुरबाडांतील आदिवासी शेतकऱ्यास ही रीत अपरिचित नाहीं. १९७६ च्या कायद्यान्वयें आलेल्या एकाधिकार खरेदींत त्यानें तीच अनुभविली. सावकारापासून सुटका खरी, पण घेणारा एकच उरतो. कॉफीचा साठा १९९६ त संपला. जगांतही तसेंच झालें. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणें प्रत्येक देशानें किती माल विकावा हें ठरलेलें असे. जुलै १९८९ त तें बंधन सुटलें व भाव कोसळले. त्यानंतर व्हिएतनामनें इतकी लागवड केली कीं तो देश ब्राझीलच्या खालोखाल जाऊन बसला. आज हिंदुस्थानच्या कॉफीपैकीं सुमारें ७० टक्के कर्नाटकांत पिकते, आणि तिचा भाव न्यूयॉर्क व लंडन येथील सौद्यांवरून ठरतो. फेब्रुवारी १९२५ ला ज्याची कल्पनाही कोणी केली नसती असा भाव, पौंडास ४ डॉलरांहून अधिक, फेब्रुवारी २०२५ त न्यूयॉर्कास झाला. कारण ब्राझीलांत पाऊस ओढला होता.

ह्या सर्व हकीकतींतील अलीकडचा भाग आंकड्यांनिशीं छापलेला मिळतो. मोख्याच्या काळाचा भाग मिळतो तो डच व इंग्रज कंपन्यांच्या कागदांतून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांनीं पाहिलेला. आमच्या बाजूचें तोलाचें साधन एकच, तें म्हणजे पेढ्यांच्या व दुकानांच्या रोजकीर्दी आणि खतावण्या. पण संग्राहकांची दृष्टि राजपत्रांवर, शिक्क्यांवर, फार तर सचित्र पोथ्यांवर. मोडी हिशेबाचे बाड दिसलें कीं 'ह्यांत कांहीं नाहीं' म्हणून तें बाजूस टाकतात, आणि बाजूस टाकलेलें बाड रद्दींत जातें. आमचें मत ह्याच्या उलट आहे. राजपत्र एकदां छापलें म्हणजे त्याचें काम बहुतेक झालें. खतावणीचें पान मात्र शेजारच्या पानावांचून मुकें असतें, म्हणून तिचें एकही पान जाऊं देतां कामा नये.

ज्यांच्यापाशीं कल्याण, भिवंडी, चौल, दाभोळ येथील अथवा घाटमाथ्यावर जुन्नर व नाशिक येथील अशीं बाडें असतील, त्यांनीं विशेषतः १६६० ते १७४० ह्या काळच्या पानांत पुढील गोष्टी पाहाव्या: बुंद वा बुद हा शब्द कोणत्या मालाच्या शेजारीं आला आहे, वजन मणांत आहे कीं बहारांत, रक्कम रुपयांत, लारींत कीं रियालांत मांडली आहे, आणि जकात कोणत्या नाक्यावर, किती दिली आहे. अशी एकही नोंद सांपडल्यास आजूबाजूच्या दहा ओळींसह तिची नक्कल मंडळाकडे पाठवावी, आणि मूळ बाड शिवणीस धक्का न लावतां जसेंच्या तसें ठेवावें.